कुमुदिनीचा मंगळ आणि दिनानाथरावांची दुर्बीण

माझे मेहुणे दिनानाथराव यांना आयुष्यात दोनच गोष्टींचा मनापासून तिटकारा होता. एक पंचांग आणि दुसरा मी. पंचांग माझ्या बहिणीच्या, म्हणजे सुनंदाच्या, देवघरात असायचं आणि मी दर रविवारी विठ्ठलवाडीहून त्यांच्याकडे जेवायला जायचो. दोघांनाही घराबाहेर काढणं त्यांना कधी जमलं नाही.

दिनानाथराव अंबरनाथला रसायनांच्या एका कारखान्यात केमिस्ट होते. शिवमंदिराच्या वाटेवर त्यांचं छोटं गच्चीचं घर होतं. "सिद्ध करा" हे त्यांचे आवडते शब्द. आमटी खारट झाली म्हटलं तरी ते सिद्ध करा म्हणायचे, आणि मग सुनंदा त्यांच्या ताटात आणखी दोन डाव वाढून ते सिद्ध करायची.

त्यांची मुलगी कुमुदिनी, माझी भाची. शाळेत मास्तरीण, वाचनाचं वेड, जिभेला धार. पण पत्रिकेत मंगळ, आणि तोही सातव्या घरात ठाण मांडून बसलेला. मंगळाच्या मुलीशी लग्न केलं की नवऱ्याच्या जिवाला धोका, असं शहाणीसुरती माणसंसुद्धा मानत. त्यामुळे स्थळं यायची, पोहे खायची आणि चार दिवसांनी "पत्रिका जुळत नाही" असा निरोप धाडायची. कुमुदिनीला पोह्यांचाच राग यायला लागला होता. तिचे पोहे उत्तम व्हायचे आणि पाहुणे ते संपवूनच नाही म्हणायचे.

तशात गुरुदत्त आला. हा बदलापूरचा, आगपेट्यांच्या कारखान्यात सुपरवायझर. अंबरनाथच्या वाचनालयात दोघांची ओळख झाली, आणि त्यानं स्वतः होऊन मागणी घातली. आम्ही सगळे हरखलो. पण त्याच्या आईनं, इंदुबाईंनी, पत्रिका मागवली आणि मंगळ बघून दाराला कडीच घातली. "मुलगी लाखात एक आहे, पण माझा एकुलता एक आहे हो," असा त्यांचा निरोप आला.

"मामा, माणूस फार चांगला आहे," कुमुदिनी मला म्हणाली. "फक्त आईसमोर त्याची जीभ टाळ्याला चिकटते. पण मला हाच हवाय. हा नसेल तर पुन्हा पोहे करणार नाही. कोणासाठीच नाही."

ती हे हसत म्हणाली, पण तिचे डोळे हसत नव्हते. मला त्या मंगळाचा असा संताप आला की तो खाली असता तर मी त्याच्या कानाखाली वाजवली असती.

हे साल छप्पन. त्या वर्षी मंगळ पृथ्वीच्या फार जवळ आला होता आणि वर्तमानपत्रांत त्याच्याबद्दल रकानेच्या रकाने येत होते. दिनानाथरावांनी त्यातलं एक कात्रण माझ्या नाकासमोर नाचवलं.

"जयदेव, माणूस कशाला घाबरतो? जे दिसत नाही त्याला. इंदुबाईंनी मंगळ पाहिलाय कुठे? दाखवू त्यांना! दगडमातीचा गोळा आहे हे डोळ्यांनी बघितलं की भीती खलास. दुर्बीण आणायची."

"आणि दुर्बिणीतून बघून जास्त घाबरल्या तर?" मी विचारलं.

"सिद्ध कर," ते म्हणाले आणि चपला घालू लागले.

उल्हासनगरला कॅम्पात हरूमलचं दुकान होतं. उल्हासनगर वसायच्या आधी तिथं लढाईतल्या पलटणींचा तळ होता, आणि पलटणी गेल्यावर मागे राहिलेला सगळा माल जणू हरूमलकडे जमा झाला होता. पत्र्याच्या पेट्या, बूट, कंदील, आणि कोपऱ्यात तीन पायांच्या घोडीवर एक लांबलचक पितळी दुर्बीण. ती पाहताच दिनानाथरावांचा चेहरा असा उजळला की हरूमलनं मनातल्या मनात भाव वाढवला असणार.

"साईं, असली पलटन का माल आहे," तो म्हणाला. "पण तुम्ही काय बघणार यातून? आता लडाई कुठंय?"

चूक केली बिचाऱ्यानं. दिनानाथराव दुकानातल्या एका पेटीवर बसले आणि दुर्बिणीचा इतिहास सुरू झाला. हॉलंडात एका चष्मेवाल्यानं दोन भिंगं एकापुढे एक धरली, मग इटलीत गॅलिलिओनं स्वतःच्या हातानं भिंगं घासून नळी केली आणि व्हेनिसच्या बड्या लोकांना उंच मनोऱ्यावर नेलं. समुद्रातली जहाजं साध्या डोळ्यांना दिसायच्या कितीतरी आधी त्यांना दिसली. गिऱ्हाईकं येऊन परत जात होती, पण हरूमल मन लावून ऐकत होता.

"मतलब माल बंदरात यायच्या आधीच कळणार की माल येतोय?" त्यानं विचारलं. "बाप रे! जो पहले बघणार, तो पहले भाव लावणार!"

"तो मुद्दा गौण आहे," दिनानाथराव म्हणाले. "पुढे त्यानं नळी आकाशाकडे वळवली. गुरूभोवती चंद्र फिरताना पाहिले. म्हणजे सगळं काही आपल्याभोवती फिरत नाही! माणूस विश्वाच्या मधोमध नाही, हे या नळीनं सांगितलं."

दिनानाथराव निदान स्वतःच्या घराच्या मधोमध नव्हते, हे मला नळीशिवाय माहीत होतं. पण मी गप्प बसलो, कारण दुर्बिणीच्या बदल्यात त्यांनी हरूमलला काय कबूल केलं ते माझ्या कानावर आलं होतं. सुनंदाचं शिवणाचं मशीन.

त्या संध्याकाळी आम्ही गच्चीवर मंगळ पाहिला. लालसर ठिपका. साध्या डोळ्यांना दिसतो त्यापेक्षा थोडा मोठा लालसर ठिपका.

"एवढ्यासाठी माझं मशीन दिलंत?" सुनंदानं विचारलं. ती अगदी शांत आवाजात बोलली, म्हणून मी जिन्याकडे सरकलो.

पुढच्या काही दिवसांत दुर्बिणीचा समाजावर परिणाम व्हायला लागला, पण दिनानाथरावांना हवा तो नव्हे. शेजारपाजारच्या बायका "ग्रह बघू द्या हो" म्हणून गच्चीवर यायच्या आणि नळी खाली वळवायच्या. कोणाच्या दोरीवर कोणती साडी वाळतेय, कोणाच्या परसात कोणाचा पापड आहे, सगळं उघड झालं. सुनंदाला दोन गल्ल्या पलीकडच्या खिडकीत स्वतःची हरवलेली चिनी मातीची बरणी दिसली. ती तडक जाऊन बरणी घेऊन आली, आणि मशीनचं दुःख तेवढ्यापुरतं हलकं झालं. गल्लीतल्या लोकांनी मात्र खिडक्यांना पडदे लावले. त्या महिन्यात अंबरनाथला पडद्याच्या कापडाचा तुटवडा पडला असं मी म्हणालो, तर दिनानाथराव म्हणाले सिद्ध कर.

दसरा झाला, आकाश मोकळं झालं आणि दिनानाथरावांनी इंदुबाईंना रीतसर आमंत्रण धाडलं. मंगळ बघायला या. आमच्याकडे मुलगी बघायला लोक येत, पण ग्रह बघायला येणारी ही पहिलीच मंडळी.

इंदुबाई आल्या त्या हातात उदबत्त्यांचा पुडा आणि लाल फुलं घेऊन. ठेंगण्या, काटक, कपाळ उघडं, नजर सावध. मागून गुरुदत्त आला आणि दारातल्या पायपुसण्याकडे बघत उभा राहिला. कुमुदिनीनं पोहे केले होते. हे शेवटचे, असं मला तिच्या ढवळण्यावरूनच कळत होतं.

दिवेलागणीनंतर आम्ही सगळे गच्चीवर गेलो. आग्नेयेला मंगळ छान वर आला होता. दिनानाथरावांनी नळी त्याच्यावर रोखली आणि भाषणाला घसा साफ केला. पण मंगळ इतका वर की डोळा लावायला वाकून मान मागे टाकावी लागे.

"माझी मान नाही हो वळत," इंदुबाई म्हणाल्या. "संधिवात आहे. चांगलं सरळ समोर असेल तर बघते, नाहीतर राहू दे."

"तुम्ही चौरंगावर बसा, मी घोडी उंच करतो. आलोच!" म्हणत दिनानाथराव चौरंग आणायला खाली धावले. चौरंग देवघरात असतो हे त्यांना ठाऊक नव्हतं, कारण देवघरात ते कधी गेलेच नव्हते. खालून बराच वेळ भांडी पडल्याचे आवाज येत राहिले.

तेवढ्यात कुमुदिनी पुढे झाली. तिनं घोडीचा खिट्टा सैल केला, नळी खाली आणली, डोळा लावून थोडी इकडेतिकडे फिरवली आणि म्हणाली, "या. आता मान वाकवायला नको. समोरच दिसतोय."

मी नळीच्या टोकाकडे बघितलं. ती आकाशाकडे नव्हतीच. शेतांवरून आडवी, सरळ रेल्वेच्या रुळांकडे लागली होती. आणि तिथं, लांब अंधारात, बदलापूरच्या बाजूचा सिग्नल लाल डोळा करून उभा होता. मी कुमुदिनीकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मला एकदम खोकला आला.

इंदुबाईंनी एका डोळ्यावर पदर दाबला आणि दुसरा नळीला लावला.

"अगं बाई!" त्या कुजबुजल्या. "केवढा हा! आणि लालभडक! इंगळासारखा पेटलाय नुसता."

त्यांनी डोळा न काढता हात जोडले. फुलं कुठे वाहायची ते कळेना, म्हणून त्यांनी ती नळीवरच वाहिली. मग मंगळाचं स्तोत्र सुरू केलं. सुनंदालाही ते पाठ होतं, तिनं मागून साथ धरली. मी आणि गुरुदत्त खांबासारखे उभे. स्तोत्र मध्यावर आलं असेल नसेल, आणि इंदुबाई किंचाळल्या.

"हिरवा! हिरवा झाला!"

लांबून गाडीची शिट्टी ऐकू आली. मला घाम फुटला.

"गुरू, अरे बघ! माझ्या डोळ्यांसमोर हिरवा झाला! लालाचा हिरवा! हिरवा रंग बुधाचा रे, शांत ग्रहाचा! मंगळाचा बुध झाला!"

गुरुदत्त पुढे आला. त्यानं नळीला डोळा लावला. मग डोळा काढून नळीच्या रोखानं समोर पाहिलं. रूळ पाहिले, सिग्नल पाहिला, आणि खडखडत जाणारी मालगाडी पाहिली. हा मुलगा रोज बदलापूरहून त्याच सिग्नलखालून अंबरनाथला कामाला यायचा. त्याला कळलं नसेल असं म्हणणं म्हणजे त्याचा अपमान करणं. तो हळूच वळला आणि कुमुदिनीकडे त्यानं बघितलं. ती खाली बघत नव्हती. तिचा चेहरा लाल झाला होता, पण मान ताठ होती.

"हो आई," गुरुदत्त म्हणाला. टाळ्याला चिकटलेली जीभ अखेर सुटली. "हिरवा झाला. स्वच्छ हिरवा."

मी त्या मुलाला तेव्हाच जावई मानून टाकलं. आईला खोटं न सांगणारे खूप असतात. पण मुलीकडे बघून, सगळं कळून, तिच्या बाजूनं उभा राहणारा पहिल्यांदाच दिसला होता. कुमुदिनीनं पदराच्या टोकानं डोळे पुसले आणि काहीतरी गेलं डोळ्यात असं पुटपुटली.

आणि नेमके त्याच वेळी दिनानाथराव चौरंग घेऊन वर आले. टोपीला कोळिष्टकं, बाह्यांना कुंकू.

"काय हिरवं झालं?"

"मंगळ!" इंदुबाई आणि सुनंदा एकदम म्हणाल्या.

"शक्यच नाही," दिनानाथराव म्हणाले. त्यांनी चौरंग ठेवला, नळीवरची फुलं झटकली आणि डोळा लावला. मी मनात देवांची नावं घ्यायला लागलो. "अहो, हा तर सि—"

सुनंदानं त्यांच्या पायावर पाय दिला. ते कळवळले, पण थांबायचे नाहीत. सत्य म्हटलं की त्यांना पायाचंही भान राहत नाही.

"थांबा," इंदुबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता. "तुम्ही शास्त्र शिकलेले. बाकीचे मला बरं वाटावं म्हणून काहीही म्हणतील. तुम्ही खोटं बोलत नाही असं गुरू सांगतो. तुम्ही सांगा, झाला ना हिरवा? तुम्ही नाही म्हणालात तर मी मुलाला घेऊन आत्ता घरी जाते."

मग त्याच पुन्हा बोलल्या, हळू.

"माझाही मंगळ सातव्यातच आहे. लग्नाच्या वेळी माझ्या बाबांनी लपवला. गुरूचे वडील गेले तेव्हा सासूबाईंनी शोधून काढला, आणि चारचौघांत म्हणाल्या, हिनं खाल्लं माझ्या पोराला. इतकी वर्षं मी तेच घेऊन जगत्येय. ह्या पोरीला ते कोणी म्हणू नये, म्हणून नाही म्हणत होते हो मी. माझ्या वेळी असा हिरवा झाला असता तर..."

मी दुष्ट माणूस आहे असं सुनंदा म्हणते, पण मलाही तिथं उभं राहवेना.

दिनानाथरावांचा चेहरा मी तसा आधी कधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. ज्या गॅलिलिओचं ते आठवडाभर कौतुक करत होते, त्यालाही म्हातारपणी मोठमोठ्या धर्मगुरूंपुढे गुडघे टेकून, पृथ्वी फिरते हे माझं चुकलं, असं म्हणावं लागलं होतं. पण त्याच्यासमोर कोठडीची भीती होती. दिनानाथरावांसमोर एक बाई रडत होती आणि त्यांची मुलगी श्वास रोखून उभी होती. त्यांनी इंदुबाईंकडे पाहिलं, मग कुमुदिनीकडे. ओठ दोनदा हलले. तिसऱ्यांदा आवाज फुटला.

"झाला," ते म्हणाले. "हिरवा झाला."

"सिद्ध करा," असं माझ्या तोंडून निसटलं. सुनंदानं माझ्याही पायावर पाय दिला.

"आणि आधीचा?" इंदुबाईंनी विचारलं. "माझा? माझाही आता..."

"तुमचा तर कधी लाल नव्हताच," दिनानाथराव ताडकन म्हणाले. या वेळी त्यांना विचार करावा लागला नाही. "हे मी कुठल्याही कोर्टात शपथेवर सांगेन. तुमच्या मंगळानं कोणालाही काही केलेलं नाही, इंदुबाई."

इंदुबाईंनी पदरात तोंड खुपसलं आणि बऱ्याच वेळानं मोकळ्या होऊन वर बघितलं. मग त्या प्रसन्न हसल्या आणि पुन्हा नळीकडे निघाल्या. "एकदा परत दर्शन घेते."

मालगाडी केव्हाच निघून गेली होती आणि सिग्नल परत लालबुंद झाला होता. दिनानाथराव मध्ये आडवे झाले. दोन्ही हात पसरून त्यांनी दुर्बिणीला मिठीच मारली.

"नाही! आता नाही! काही गोष्टी एकदाच बघायच्या असतात!"

आठवडाभर जो माणूस डोळ्यांनी बघा, डोळ्यांनी बघा म्हणून ओरडत होता, तो आता नळीच्या तोंडावर स्वतःची टोपी घालत होता. इंदुबाईंना हा भक्तिभाव फार आवडला. पेढे मागवले गेले, आणि तिथंच गच्चीवर लग्न ठरलं.

दुसऱ्या दिवशी दिनानाथराव कामावर गेले नाहीत. दुर्बिणीकडे पाठ करून खुर्चीत बसून राहिले. "मी थोतांड केलं, जयदेव," ते म्हणाले. "शास्त्राच्या नावावर. आज संध्याकाळी बदलापूरला जाऊन इंदुबाईंना खरं सांगणार. हरूमलला नळी परत करणार. मशीन आणणार." मी समजावलं, सुनंदानं समजावलं. ते ऐकेनात. चपलासुद्धा घातल्या.

दार उघडलं तर पायऱ्यांवर शेजारच्या वृंदाताई उभ्या. गल्लीत बातमी पोचली होती. त्यांच्या मागे त्यांची मीनल, कुमुदिनीच्याच शाळेत शिकवणारी, हसरी, बडबडी पोर. पण आज ती भिंतीकडे तोंड करून उभी होती.

"हिचाही कडक मंगळ आहे हो," वृंदाताई अवघडून म्हणाल्या. "कल्याणची मंडळी परवा नाही म्हणून गेली. मुलगा पसंत होता हिला. गल्लीत म्हणतात, तुमच्या गच्चीवर मंगळ शांत होतो. त्या मंडळींना घेऊन आले तर चालेल का?"

"हे बघा, वृंदाताई," दिनानाथराव कडक आवाजात म्हणाले, "ग्रह म्हणजे दगडमातीचा गोळा. त्याचा मुलीच्या लग्नाशी काडीचाही संबंध नाही. काल जे झालं ते..."

तेवढ्यात मीनलनं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. डोळे सुजलेले होते. तरी ती, काका ओरडणार हे गृहीत धरून, आधीच समजूतदारपणे हसली.

दिनानाथराव थांबले. मग त्यांनी पायातल्या चपला काढल्या, जोडीनं नीट भिंतीशी लावल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाले,

"जयदेव, जरा स्टेशनवर जाऊन विचारून ये. संध्याकाळच्या मालगाड्या किती किती वाजता असतात?"